वाटीने जमतं, वहीत अडतं (घरशाळा, वय ११ आणि ८)

नगरवाली

सगळ्यांना सलाम.

आम्ही नगरचे. दोन्ही मुलं घरीच शिकतात. थोरला ११ वर्षांचा, धाकटी ८ ची. ह्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, सासूबाई आमच्याजवळच असतात. मी लग्नाआधी पतपेढीत हिशेब लिहायचे, त्यामुळे आकड्यांना मी घाबरत नाही. तरीही अडलंय, म्हणून विचारते. (घरी का शिकवता, हा वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा. तिथे येऊन भांडेन.)

आमचा दिवस सांगते, म्हणजे प्रश्न कळेल. सकाळी आधी कौटुंबिक उपासना. सासूबाई पेटी काढतात, एक गीत होतं, शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, उतारा वाचला की पुस्तक मिटायचं आणि धाकटीने तो आपल्या शब्दांत सांगायचा. शार्लट मेसन (१८४२-१९२३) नावाच्या इंग्रज शिक्षिकेने ह्या पद्धतीवर फार भर दिला होता. घरी शिकवणारी पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं आजही तीच वापरतात. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्या संडे स्कूलमध्ये दुसरं काय करायचो आम्ही?"

मग चहा-न्याहारी, आणि त्यानंतर स्वयंपाकघर. इथे मुलं नुसती लुडबुड करत नाहीत, खरं काम करतात. थोरला बाजरीची भाकरी थापतो, आणि ती फुगते. मागे एकदा पीठ जुनं निघालं, विरी गेलेलं. थापताना कडा फाटायला लागल्या, तर "गव्हाची पोळी अशी का फाटत नाही?" म्हणून मागे लागला. मग गव्हातलं ग्लुटेन, बाजरीत ते नसणं, उकळतं पाणी घातलं की पिठातला स्टार्च थोडा शिजून चिकटपणा येणं, हे सगळं परातीसमोर बसूनच झालं. असा विज्ञानाचा तास मला पुस्तकातून घेता आला नसता.

सध्या नाताळच्या फराळाची उजळणी चालू आहे म्हणून पावाचं पीठही भिजवून पाहिलं. त्या दिवशी उपासनेत मत्तयाच्या १३ व्या अध्यायातला खमिराचा दाखला होता. बाईने तीन मापं पिठात खमीर लपवलं, तो. थोरल्याने विचारलं, तीन मापं म्हणजे किती? हे माप म्हणजे सआ, बायबलच्या काळातलं यहुदी माप, साधारण सात-सव्वासात लिटरचं. तीन मापं म्हणजे २२ लिटरच्या आसपास. त्याने लिटरचं माप घेऊन मैदा भरला, काट्यावर ठेवला, ५५० ग्रॅम. २२ ने गुणून १२ किलोच्या वर गेला. मग एका पावाला ५० ग्रॅम धरून २४० पाव! सासूबाई म्हणाल्या, "घरापुरते नव्हते करत बाई, अख्ख्या मंडळीचं प्रीतिभोजन होतं ते." पोरगं दिवसभर त्याच आकड्यात होतं.

आता अडचण. हाच मुलगा वहीत १/२ + १/३ = २/५ लिहितो. वर वर बेरीज, खाली खाली बेरीज. झोपेतून उठवून विचारा, अर्धा आणि पाव किती, तर पाऊण म्हणेल. अर्धी वाटी तेलात पाव वाटी घालताना कधी चुकत नाही. पण अपूर्णांक कागदावर आले की जणू त्याची-त्यांची ओळखच नाही. मी छेद सारखे करण्याची रीत शिकवली, त्याने पाठ केली, आणि आठवड्याने पुन्हा २/५.

अमेरिकेहून मागवलेली पुस्तकंही आहेत, त्यांत सगळी उदाहरणं ॲपल पाय, पाउंड आणि सेंटची. त्यातली एक कृती करताना म्हणाला, "आई, आपला ओव्हन २५० लाच संपतो, हे ३५० कुठून आणतात?" फॅरनहाइट-सेल्सिअसचा एक तास झाला (३५० म्हणजे आपले १७७), पण अपूर्णांकांना त्या पुस्तकांचा काडीचा उपयोग नाही.

तर प्रश्न असा. वाटीतून वहीत त्याला कसं आणू? आणि दुसरा, स्वयंपाकाचा वेळ 'अभ्यास' म्हणून किती धरायचा? मामेसासरे परवा येऊन बोलून गेले, "शाळेतून काढून पोरांना आचारी करतेस काय?" त्यांना मी उत्तर दिलं, पण मनात ते राहिलंय.

---

पाटीपेन्सिल

ताई, मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, सातवीपर्यंत गणित शिकवलं. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, पण ते तुम्हाला आवडणार नाही.

तुमचा मुलगा अर्धा आणि पाव यांची बेरीज करत नाहीये. त्याला उत्तर ठाऊक आहे. दोन्हींत फरक आहे. आपल्या घरातली सगळी मापं दुपटीची. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. त्यातही सगळे पाव, अर्धे, पाऊणच. घरातल्या स्वयंपाकाला तिसऱ्या किंवा पाचव्या हिश्शाची गरजच पडत नाही. म्हणजे मुलाला स्वयंपाकघराने जेवढं शिकवायचं तेवढं शिकवून झालंय. १/३ आला की त्याच्याकडे आठवायला काही नाही, मग तो जे दिसतं ते करतो. पुष्कळ जण असंच करतात, शाळेतलेही.

छेद सारखे करण्याची रीत आत्ता बाजूला ठेवा. आधी त्याला २/५ चूक आहे हे स्वतःला दिसू दे. तुम्ही सांगून नाही.

बेकिंगचे मापाचे कप असतील ना? १, १/२, १/३, १/४ असे येतात. बहुतेक संचांत मोठा कप २४० मिलिलिटरचा, म्हणजे बाकीचे १२०, ८० आणि ६०. (तुमच्यावर छापलेलं पाहा, काही २५० चे असतात.) ओट्यावर काही शिजत नसताना, नुसतं पाणी घ्या. एका सरळ उभ्या ग्लासात अर्धा कप पाणी ओतायला सांगा, पातळीवर पेनाने खूण. त्याच ग्लासात १/३ कप ओतायला सांगा, दुसरी खूण. आता विचारा, हे एक कपाचे किती? त्याने २/५ म्हटलं तर म्हणू दे. मग २४० चे २/५ काढायला सांगा. ९६ येतील. आणि गप्प बसा. पहिली खूणच १२० ची आहे. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी! हे त्याचं त्याला खटकलं पाहिजे.

मग दुसरा प्रश्न: असा एक छोटा कप सांग, जो पूर्ण पूर्ण भरून अर्धा कपही भरेल आणि १/३ कपही. २० म्हणेल, १० म्हणेल, चालेल. सगळ्यांत मोठा कोणता? ४०. तीन वेळा ओतला की अर्धा, दोन वेळा ओतला की तिसरा हिस्सा, मिळून पाच. पूर्ण कपाला सहा लागतात. ५/६. आता सहा हा छेद तुम्ही आणलेला नाही, त्याने शोधलाय.

त्याच दिवशी १/४ + १/३ द्या. ६० आणि ८०, छोटा कप २० चा, ३ आणि ४ मिळून ७, पूर्ण कपाला १२. मग पाणी बंद.

एक विनंती: गॅसवर काही असताना गणित विचारू नये. पोराचं लक्ष भाकरीवर असतं आणि ते तिथेच असायला हवं. वहीचा अर्धा तास वेगळा ठेवा, रोज, कंटाळवाणा असला तरी.

---

वसईची_मावशी

माझी मुलं शाळेत गेली आणि आता मोठी झालीत, त्यामुळे घरशाळेतलं मला काही कळत नाही. पण सरांनी शेवटी म्हटलंय त्याला माझं अनुमोदन, आणि मी आणखी पुढे जाईन. अगं, त्याला काही वेळ नुसता स्वयंपाक करू दे.

आमच्याकडे मे महिन्यात बाटली मसाला होतो. मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, पंचवीसेक तरी जिन्नस, आणि दळून आला की बाटल्यांत दाबून दाबून भरायचा. आमच्या आईने आम्हाला त्यात कधी काही 'शिकवलं' नाही. पण धणे किती भाजले की थांबायचं, हे वासाने कळतं, आणि तो वास आमच्या नाकात तेव्हाच बसला. प्रत्येक वेळी आई मध्येच "सांग बघू, हे किती टक्के?" करत बसली असती तर मी गच्चीवरून पळाले असते.

पावाचं पीठ जमलं म्हणतेस तर नाताळला फुग्या कर. पोरांना ह्यापेक्षा मजेचं काही नाही. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर, मीठ आणि यीस्ट. पूर्वी ताडी घालायचे, त्यानेच पीठ फुगायचं. पीठ पोळीसारखं घट्ट नको, हाताला चिकटेल असं सैल. फुगून दुप्पट झालं की हात ओला करून मूठभर घ्यायचं, मूठ आवळायची, अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा बाहेर येतो, तो तेलात सोडायचा. तेल नीट तापलेलं असलं की गोळा आपला आपण कूस बदलतो. पहिल्या घाण्याला शेपट्या येतील, येऊ देत. तेलाशी मात्र तू उभी राहा.

मामेसासऱ्यांना गरम गरम फुग्या आणि इंद्याल (आमचा मांसाचा आंबट-तिखट रस्सा) वाढ. बोलणार नाहीत.

---

स्पष्टवक्ता

वेगळा धागा काढा म्हटलंय तरी इथेच लिहितो. परदेशी पुस्तकं, परदेशी बाईंची पद्धत, ३५० डिग्रीचा ओव्हन. हे घरी शिकवण्याचं खूळ आपल्याकडचं नाहीच. शाळेत मूल चार घरांतल्या मुलांत मिसळतं. तुमच्या घरात ते फक्त तुमच्या घरातल्यांना भेटणार. आणि कायद्याचं काय? शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे.

---

कसब्यातली

@स्पष्टवक्ता, मुलांनी चार घरांत मिसळायला हवं, हे बरोबर. त्यावर नगरवालीताई बोलतील. पण "आपल्याकडचं नाहीच"? पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) कुठल्या शाळेत गेल्या होत्या? त्यांना संस्कृत शिकवलं आईने. आणि त्या आईला शिकवलं होतं नवऱ्याने, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांच्या शिव्या खाऊन. कुटुंब तीर्थयात्रा करत गावोगाव हिंडायचं, मुक्कामाच्या जागी आई पाठ घ्यायची. भागवताचे हजारो श्लोक मुलीला मुखोद्गत होते ते ह्या फिरत्या घरशाळेमुळे. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती मिशन उभारलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. ते छापलं गेलं १९२४ साली, त्यांच्या मागे, आणि छपाईचं काम केलं मुक्तीतल्याच बायका-मुलींनी. तिथे वाचन-लेखन, स्वयंपाक, विणकाम, छापखाना ही वेगवेगळी खाती नव्हती. दुष्काळातून आलेल्या मुली हे सगळंच शिकत.

मुद्दा इतकाच की नगरवालीताई करताहेत ते आपल्या मातीत कधी उगवलंच नाही, असं नाही. शाळा सोडून सगळ्यांनी हेच करावं, असं मी म्हणत नाहीये. माझी मुलगी शाळेतच जाते, आणि तिला साधा कुकर लावता येत नाही.

---

गोदाकाठ

कायद्याचा आणि परीक्षेचा मुद्दा मी घेतो, माझी मुलगी घरी शिकून दहावी झाली. थोडक्यात.

शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षण देण्याचं बंधन सरकारवर आहे. मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा त्यात नाही. घरशाळेला सरळ परवानगीही नाही आणि सरळ बंदीही नाही. हे ज्याचं त्याने समजून करायचं.

परीक्षेसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीला वय १४ पूर्ण लागतं, किमान पाच विषय, आणि मराठी माध्यम मिळतं. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे त्यांचे अ, ब, क स्तर आहेत. राज्य मंडळाच्या मुक्त विद्यालयाचीही पाचवी-आठवी आहे, तिथे पाचवीला १० आणि आठवीला १३ वर्षं पूर्ण हवीत. अर्जाच्या तारखा बदलतात, संकेतस्थळावरच पाहा, ओळखीच्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला धरून: एनआयओएसच्या दहावीला गृहविज्ञान हा विषय घेता येतो, प्रात्यक्षिकासकट. आहारातले घटक, अन्न टिकवणं, घरखर्च, कापड, सगळं त्यात येतं. मुलाला घ्यायला लावा, बघा मामेसासरे काय म्हणतात. मात्र तिथेही लेखी पेपर असतो. माझ्या मुलीला सगळं करता यायचं, पण "खाद्यपदार्थ आंबवण्याचे फायदे लिहा" म्हटलं की चार ओळींत गाडी थांबायची. आम्ही वर्षभर एकच केलं. जे रांधलं, त्यावर रात्री दहा ओळी. काय केलं, काय झालं, का झालं. थंडीत इडलीचं पीठ फुगलं नाही, तर त्याच्या दहा ओळी. ते लिहून झालं तरच तो वेळ अभ्यासात धरायचा, नाहीतर ते घरकाम. घरकामही करायचंच, पण त्याला अभ्यास म्हणायचं नाही.

---

नगरवाली

सर्वांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

@स्पष्टवक्ता, भांडेन म्हटलं होतं पण तुमचा एक मुद्दा भांडण्यासारखा नाही. मुलांत मुलं हवीत. आमच्या गल्लीत संध्याकाळी क्रिकेट असतं, त्यात सगळ्या जातिधर्माची पोरं असतात आणि थोरला तिथे रोज आउट होतो. मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल, तरुण संघ. नाताळच्या फराळाची ताटं आम्ही सगळ्या शेजाऱ्यांकडे पोचवतो, दिवाळीची आमच्याकडे येतात, आणि नेण्या-आणण्याचं काम मुलांचंच. तेवढ्याने भागतं का? धाकटीचं भागत नाही असं मला वाटतं. तिला बरोबरीच्या मुली कमी मिळतात. तिच्यासाठी पुढच्या वर्षी नृत्य किंवा चित्रकलेचा वर्ग बघते आहे. ओव्हनचं मात्र मनावर घेऊ नका, तो पिंपरीच्या बहिणीने दिलेला जुना आहे.

@कसब्यातली, रमाबाईंच्या आईची गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांचं म्हणणं, मुक्तीची मुलगी आमच्या नात्यात सून म्हणून आली होती, तिच्या हाताला चव होती आणि अक्षर मोत्यासारखं होतं. बास, आता मामेसासऱ्यांशी त्याच बोलणार आहेत.

@गोदाकाठ, दहा ओळींचं लगेच सुरू केलं. "लिहिलं तर अभ्यास, नाहीतर घरकाम" हा नियम मला फारच पटला. थोरल्याला पटलेला नाही.

@पाटीपेन्सिल, सर, कप २४० चेच निघाले. त्याने ग्लासावर खुणा केल्या आणि ठामपणे २/५ सांगितलं. ९६ आल्यावर त्याने पहिली खूण पुन्हा मोजली, मग कप पुन्हा मोजला, मग म्हणाला कप चुकीचा छापलाय. मी गप्प राहिले (अवघड गेलं). शेवटी वही ओढून घेतली आणि २/५ वर काट मारली. ४० चा कप त्याला सापडला, पण सरळ नाही. आधी ६० म्हणाला, मग ८० त ६० पुरे बसत नाहीत म्हणून २०, मग "दोन वीस एकदम ओतले तर?" म्हणून ४०. खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर त्याने ४० ची खूण करायला घेतली, टोपण १५ चंच होतं. तेव्हापासून १/६ चा कप बाजारात का मिळत नाही, ह्यावर तो माझ्याशी वाद घालतोय.

१/४ + १/३ त्याने पाण्याशिवाय केलं. मग मी हौसेने १/३ + १/५ दिलं, तर कप शोधायला उठला. पाचवा हिस्सा कुठल्याच कपात नाही. २४० चा पाचवा भाग ४८, असं करत करत छोटा कप १६ चा काढला आणि ८/१५ आणलं. उत्तर बरोबर आहे, पण प्रत्येक गणिताला २४० घेऊन बसला तर कसं व्हायचं? आता पाणी बंद करू का?

@वसईची_मावशी, मावशी, फुग्या ठरल्या. अर्धा किलो मैद्याला अंडी किती आणि नारळ एक पुरेल का? आमच्याकडे सव्वीस तारखेपर्यंत माणसं येत राहतात, त्यामुळे आदल्या दिवशी तळून ठेवल्या तर चालतात का तेही सांगा.

---

वसईची_मावशी

तीन अंडी, एका मोठ्या नारळाचं घट्ट दूध, सैल वाटेपर्यंत लागेल तसं. आदल्या दिवशीच्या चालतात, झाकून ठेव, खाताना तव्यावर जरा गरम कर. पण मुलांसाठी थोडं पीठ राखून त्याच दिवशी तळ.

---

पाटीपेन्सिल

बंद करा. १६ चा कप काढला म्हणजे त्याला कळलंय. आता कप ३० चा धरायला सांगा, मग ६० चा, मग विचारा की तिसरा आणि पाचवा हिस्सा दोन्ही पूर्ण निघावेत म्हणून कप कमीत कमी केवढा हवा. १५ म्हणाला की छेद त्याच्या हातात आला. त्यानंतर आठवडाभर रोज दहा गणितं, कोरडी, वहीत. आणि टोपण परत बाटलीला लावा.